मागून येणारा

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून मी सात वर्षं खेळलो. जागा लेफ्ट हाफची, उंची पाच फूट पाच इंच. आम्हाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू आत मारायची संधी, मिळाला की अण्णा बाहेरून ओरडायचे, "बारक्या, मागं थांब." उंच पोरं गोलसमोर गर्दी करायची आणि मी हाफ लाइनीवर उभा राहून समोरच्यांच्या फॉरवर्डवर डोळा ठेवायचो. सात वर्षांतले सगळे कॉर्नर मी असे लांबून पाहिले. कोण कुठून धावतो, कोण कुणाच्या आड उभा राहतो, चेंडू हवेत असताना बॅक, म्हणजे बचाव करणारा खेळाडू, नेमका कुठं बघत असतो, हे लांबूनच नीट दिसतं. म्हणूनच ऑस्ट्रेलियाचा टिम केहिल पहिल्यांदा दिसला तेव्हा तो काय करतोय ते मला लगेच कळलं. तेव्हापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही.

१२ जून २००६. वर्ल्डकप जर्मनीत चालू होता. गल्लीत निम्म्या घरांवर ब्राझीलचे पिवळे आणि निम्म्या घरांवर अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे लागले होते. ऑस्ट्रेलिया-जपान सामन्याशी गल्लीला काही देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला तालमीतल्या टीव्हीपुढं आम्ही पाच-सहाजण बसलो, ते बाहेर पावसाने जोर धरला होता म्हणून.

सामना कायझरस्लाउटर्नला होता. जपानने अर्ध्या तासाच्या आतच गोल केला. नाकामुराने उचललेला चेंडू कुणालाच न लागता आत गेला आणि ऑस्ट्रेलियाचा गोलकीपर श्वार्झर, आपल्याला अडवलं म्हणून रेफ्रीकडे दाद मागत राहिला. तासभर काही बदललं नाही. ५३व्या मिनिटाला प्रशिक्षक गुस हिडिंकने केहिलला आत पाठवलं. गुडघ्याच्या दुखापतीतून तो नुकता कुठं उठला होता. मी त्याच्याकडे बघायला लागलो ते त्याच्या उभं राहण्यामुळं. चेंडू पुढं गेला की बाकीचे चेंडूमागे धावायचे आणि हा थांबायचा. दोन पावलं मागं, बॅकच्या पाठीशी, बॅकला दिसणार नाही असा. ८४व्या मिनिटाला लांब थ्रो आला, जपानचा गोलकीपर कावागुची पुढं धावून चुकला, गोलसमोर झटापट झाली, चेंडू सुटून आला आणि तिथं केहिल होता. पाच मिनिटांनी बाहेरून त्याने फटका मारला, तो एका खांबाला लागून दुसऱ्या खांबावर गेला आणि तिथून आत. शेवटी अलोईसीने तिसरा गोल केला. ३-१.

जपानवर त्या दिवशी अन्यायही झाला. १-१ अशी बरोबरी असताना केहिलनेच कोमानोला गोलसमोर पाडलं होतं आणि पेनल्टी मिळाली नाही. आम्ही सगळे तेव्हाही तेच म्हणालो. पण तो सामना आठवला की मला आधी आठवतं ते दुसरंच. ऑस्ट्रेलिया त्याआधी एकदाच, १९७४ साली, वर्ल्डकप खेळली होती आणि तीन सामन्यांत एकही गोल न करता परतली होती. म्हणजे केहिलचा तो ८४व्या मिनिटाचा गोल वर्ल्डकपमधला ऑस्ट्रेलियाचा पहिलाच. तो झाला बदली खेळाडूकडून, सहा मिनिटं उरली असताना.

आणि तो बदली खेळाडू मुळात ऑस्ट्रेलियाच्या पिवळ्या जर्सीपर्यंत पोचलाच किती उशिरा, हे मला पुढं वाचून कळलं.

केहिलचा जन्म १९७९ चा, सिडनीचा. वडील इंग्लंडचे, मूळ आयरिश घराण्यातले. आई सामोआची. सामोआ म्हणजे पॅसिफिकमधला बेटांचा छोटासा देश. चौदा वर्षांचा असताना पश्चिम सामोआच्या (तेव्हा त्या देशाचं नाव हेच होतं) वीस वर्षांखालच्या संघाकडून खेळायची संधी त्याच्याकडे आली. आजी तिकडे आजारी होती, तिला भेटता येईल एवढाच आपला हेतू होता, असं त्याने नंतर सांगितलं. पोरगा गेला, खेळला, परत आला. वयाच्या मानाने बराच लहान, त्यामुळं खेळला तोही मोजकाच. पण फिफाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे एकदा एका देशाकडून अधिकृत सामना खेळला की दुसऱ्या देशाचं दार बंद. चौदाव्या वर्षी आजीच्या ओढीने घातलेल्या एका जर्सीने त्याला पुढची दहा वर्षं ना ऑस्ट्रेलियाकडून खेळू दिलं, ना आयर्लंडकडून. २००२ च्या वर्ल्डकपआधी आयर्लंडने त्याच्यासाठी प्रयत्न केला, तोही फिफाने फेटाळला. तोवर तो इंग्लंडमध्ये दर आठवड्याला गोल मारत होता आणि देश म्हणून त्याला कुणीच नव्हता.

हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आमच्याकडे तालीम बदलणं हा केवढा मोठा विषय असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेकडून खेळला, तर वीस वर्षांनीही चहाच्या गाड्यावर कुणीतरी ते काढतं. "हा तिकडं गेलेला." शाहू स्टेडियमवर खचाखच गर्दीपुढं खेळणारी आमची पोरं एका तालमीची म्हणून ओळखली जातात. त्या ओळखीत ऊब असते आणि दावंही असतं. मी तालीम बदलली नाही. एकदा बोलावणं आलं होतं, गेलो नाही. त्या निर्णयाबद्दल मला खंत नाही, पण ज्याच्या गळ्यात नको त्या वयात दावं पडलं, त्या पोराचं दुःख मला कळतं.

२००४ च्या सुरुवातीला फिफाने नियम बदलला. वयोगटातल्या संघाकडून खेळलेल्यांना देश बदलायची मुभा मिळाली. ३० मार्च २००४ ला लंडनच्या लॉफ्टस रोडवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध केहिल ऑस्ट्रेलियाकडून पहिल्यांदा उतरला. वय चोवीस. त्या दिवसापासून पुढच्या चौदा वर्षांत त्याने देशासाठी १०८ सामन्यांत ५० गोल केले. ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाकडून त्याच्याइतके गोल कुणाचेच नाहीत, आणि यातले बरेचसे गोल ज्याने केले तो मुळात मधल्या फळीतला खेळाडू होता.

घर मात्र त्याने फार आधी सोडलं होतं. सतरा-अठरा वर्षांचा असताना तो लंडनला मिलवॉल क्लबकडे गेला. मिलवॉल हा दक्षिण-पूर्व लंडनचा, गोदी कामगारांच्या वस्तीतून उभा राहिलेला क्लब. प्रेक्षक कडवे, मैदानाचं नाव 'द डेन', म्हणजे गुहा. तिथं मऊ माणसाचं काम नाही. केहिलने तिथं सहा हंगाम काढले, तिसऱ्या पायरीवरचा संघ दुसऱ्या पायरीवर नेला, आणि एप्रिल २००४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर संडरलंडविरुद्ध एकमेव गोल मारून मिलवॉलला इतिहासात पहिल्यांदा इंग्लंडमधल्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचवलं. अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने त्यांना ३-० ने हरवलं. पाच वर्षांनी एव्हर्टनकडून तो पुन्हा एफए कपची फायनल खेळला, तेव्हाही हरला.

एव्हर्टन हे त्याचं खरं बहराचं ठिकाण. २००४ च्या उन्हाळ्यात तो लिव्हरपूल शहरातल्या या क्लबकडे आला आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी एव्हर्टनचा लाडका वेन रूनी मँचेस्टरला निघून गेला. सगळ्यांना वाटलं, आता हा क्लब खाली घसरणार. ते त्या हंगामात चौथे आले, आणि संघात सर्वाधिक गोल नव्या ऑस्ट्रेलियन हाफचे होते. मँचेस्टर सिटीविरुद्ध विजयी गोल मारल्यावर त्याने आनंदाने जर्सी डोक्यावर ओढली, त्याबद्दल दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. मैदान सोडतानाचा त्याचा तो गोंधळलेला चेहरा मी नंतर कितीदा तरी पाहिला आहे. गोल आणि हकालपट्टी एका मिनिटात. आठ हंगामांत त्याने एव्हर्टनसाठी ६८ गोल केले.

आता हेडबद्दल. लिहायला बसलो ते खरं यासाठीच.

केहिलची उंची पाच फूट दहा इंच. माझ्यापेक्षा बरी, पण प्रीमियर लीगमधले सेंटर बॅक सहा फूट दोन, सहा फूट तीन. त्यांच्यापुढं तो ठेंगणाच. तरीही एव्हर्टनच्या आर्तेताचा किंवा बेन्सचा चेंडू डावीकडून आला की या उंच माणसांच्या डोक्यावर एक डोकं दिसायचं. हे कसं व्हायचं?

बॅकची एक अडचण असते. त्याला एका वेळी एकाच गोष्टीकडे बघता येतं. चेंडू हवेत गेला की त्याचे डोळे चेंडूवर जातात, जाणारच. त्या क्षणी पाठीमागे कोण आहे हे त्याला दिसत नाही, फक्त अंदाज असतो. केहिल बहुतेक वेळा त्या अंदाजाच्या बाहेर उभा असायचा. पाच-सहा पावलं लांब, कधी पार टोकाच्या खांबाकडे. चेंडू पायातून सुटला की तो धावायचा. बॅक उभ्याउभ्या उडी मारणार, हा धावत येऊन एका पायावर उडणार. धावणाऱ्याची उडी उभ्याच्या उडीपेक्षा उंच जाते हे लांब उडीच्या खड्ड्यावर खेळलेल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण त्यातली मेख पुढची. तो इतरांच्या किंचित आधी उडायचा. म्हणजे बॅक जमिनीवरून सुटतो तेव्हा केहिल वर पोचलेला असतो, आणि बॅकला वर जायची वाटच उरत नाही, कारण ती जागा आधीच भरलेली असते. बघणाऱ्याला वाटतं हा हवेत थांबला. हवेत कुणी थांबत नाही. बाकीचे अजून खालीच असतात, म्हणून तो थांबल्यासारखा दिसतो.

मग मान. हेड कपाळाने मारतात, पण ताकद येते ती कमरेतून आणि मानेतून. तो धनुष्यासारखा मागं वाकायचा आणि चेंडू खाली, गोलकीपरच्या पायांपुढच्या जमिनीवर आपटायचा. खाली आपटलेला चेंडू अडवणं गोलकीपरला सगळ्यात अवघड. हे सगळं मी मैदानावर करून पाहिलं. तेव्हा माझं खेळायचं वय सरत आलं होतं, पण सकाळच्या सरावात मी पोरांना कॉर्नर मारायला लावायचो आणि लांबून धावत यायचो. पहिले कित्येक दिवस मी आधी पोचायचो किंवा नंतर. आधी पोचणं जास्त वाईट, कारण मग थांबावं लागतं आणि थांबलं की बॅकला आपण दिसतो. एका सकाळी बरोबर पोचलो. माझ्यापेक्षा वीतभर उंच पोराच्या डोक्यावरून मी चेंडू आत मारला. अण्णा तेव्हा थकले होते, खुर्चीवर बसून सराव बघायचे. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या कॉर्नरला "मागं थांब" म्हणून हाळी आली नाही.

जानेवारी २०११ मध्ये माझी मोठी पंचाईत झाली. ऑस्ट्रेलिया २००६ पासून ओशनिया सोडून आशियाच्या फुटबॉल संघटनेत आली होती आणि दोहाच्या आशिया कपमध्ये तिचा पहिलाच सामना भारताशी पडला. भारत सत्तावीस वर्षांनी त्या स्पर्धेत खेळत होता. गोलमध्ये सुब्रत पाल, मधल्या फळीत गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स. मला आपली पोरं जिंकावीत असं मनापासून वाटत होतं. अकराव्या मिनिटाला पहिला गोल झाला, केहिलचा. निकाल ४-०, त्यात त्याचे दोन. आपला बॅक चेंडूकडे बघत असताना तो मागून कसा शिरतो हे मी आधी शंभरदा पाहिलं होतं. त्या रात्री ते बघताना छाती आवळून आली. जे कौतुकाने बघितलं ते आपल्या अंगावर आलं की कसं लागतं, ते तेव्हा कळलं. तरी राग आला नाही.

त्यानंतरची वर्षं भटकंतीची. न्यूयॉर्क, शांघाय, हांगझौ, मग मायदेशी मेलबर्न, आणि २०१८ च्या जानेवारीत चौदा वर्षांनी पुन्हा मिलवॉल. चीनमधल्या वर्षांविषयी मला फारसं सांगण्यासारखं सापडलं नाही. पण मधला एक गोल सोडून पुढं जाता येत नाही. १८ जून २०१४, पोर्तो आलेग्रे. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. हॉलंडच्या रॉबेनने गोल केला होता आणि मिनिटभरात उजवीकडून मॅकगोवनने लांबलचक चेंडू उचलला. चेंडू केहिलच्या खांद्यावरून, पाठीमागून येत होता. त्याने तो जमिनीला लागू दिला नाही, डाव्या पायाने हवेतच मारला आणि तो आडव्या खांबाच्या आतून खाली आपटला. ज्याला आयुष्यभर सगळ्यांनी डोक्यासाठी ओळखलं, त्याचा सगळ्यात सुंदर गोल डाव्या पायाचा. ऑस्ट्रेलिया तो सामना ३-२ हरली आणि त्यातच कार्ड मिळाल्याने स्पेनविरुद्धचा पुढचा सामना केहिलला खेळता आला नाही. गोल झाला तेव्हा मी घरात एकटा जागा होतो. ओरडता येत नव्हतं, म्हणून उशी तोंडावर दाबून ओरडलो.

चार वर्ल्डकप खेळला, त्यातल्या तीनमध्ये गोल केले. आणि मग सप्टेंबर २०१८ मध्ये बातमी आली की टिम केहिल जमशेदपूरच्या क्लबकडून खेळणार.

माझी थोरली बहीण लग्न होऊन जमशेदपूरला गेली त्याला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. दाजी कारखान्यात. मी आजवर एकदाच तिच्याकडे गेलो होतो. ती दर दिवाळीला बोलवायची आणि मी काही ना काही सांगून टाळायचो. त्या वर्षी मी स्वतःहून फोन केला. ताई म्हणाली, "दिवाळी अजून पुढं आहे रे, आत्ताच कसा येतोस?" मी खरं कारण सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "ये. कशासाठी का असेना, येतोयस ना."

जमशेदपूर हे कोल्हापूरसारखंच फुटबॉलवर जीव टाकणारं गाव आहे, फक्त तिथं तालमींच्या जागी पोलाद आहे. टाटांची फुटबॉल अकादमी १९८७ पासून तिथं पोरं घडवते. जेआरडी टाटा संकुलाच्या मैदानावर जाताना रस्त्यावर लाल जर्सीच जर्सी होत्या. भाचा सोबत होता, तेव्हा अकरावीत. त्याला केहिलचं एवढं काय ते कळत नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो अडतीस वर्षांचा, वयस्क परदेशी खेळाडू होता. वय झालं होतंच. सरावात धावताना पाहिलं तेव्हा जाणवलं की पायांतली जुनी धार गेली आहे. मधल्या फळीतून गोलपर्यंतची ती सत्तर मीटरची धाव आता नव्हती. हातावरचं सामोअन गोंदण, छाती पुढं काढून चालणं, सहकाऱ्यांना सतत हाताने जागा दाखवणं, हे मात्र तसंच.

त्या हंगामात त्याने दोनच गोल केले. इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर पाचवं आलं, पहिल्या चारांत जागा हुकली. नोव्हेंबरमध्ये, हंगामाच्या मध्यातच, तो सिडनीला जाऊन लेबनॉनविरुद्ध आपला १०८वा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. शेवटची काही मिनिटं मैदानावर उतरला, गोल झाला नाही, लोक उभे राहिले. तेव्हा तो आमच्या देशातल्या एका क्लबचा खेळाडू होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं. मार्चमध्ये त्याने बूट काढून ठेवले. आणि त्याच वर्षी आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलेला, जमशेदपूरच्या संघात दाखल झाला. दोघांची गाठ काही महिन्यांनी हुकली. ताईने मला फोन करून सांगितलं, "तुमच्या पेठांतलं पोरगं आलंय इकडं." तिच्या आवाजात माहेरचं माणूस आल्याचा आनंद होता.

पण मला सांगायची आहे ती २९ ऑक्टोबरची संध्याकाळ. समोर केरळ ब्लास्टर्स. आम्ही जागेवर बसतो न बसतो तोच, तिसऱ्याच मिनिटाला जमशेदपूरला कॉर्नर मिळाला. भाच्याने सवयीने मोबाइल वर केला. मी नेहमीसारखा चेंडूकडे न बघता लांब बघत होतो. चेंडू आला, डोकी वर गेली, एक डोकं त्या सगळ्यांच्या वर होतं, आणि जाळं हललं. पुढं दोन मिनिटं मला काही दिसलं नाही, कारण पुढची सगळी माणसं उभी होती आणि मीही उभा होतो. तो सामना पुढं २-० वरून २-२ झाला. परत जाताना लोक हळहळत होते.

रात्री ताईने पिठलं-भाकरी केली. जेवण झाल्यावर भाचा पलंगावर पालथा पडून तो कॉर्नरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. थांबवायचा, मागं न्यायचा, परत सुरू करायचा. कॉर्नर मारणाऱ्याचा पाय मागं जातो, गोलसमोर आठ-नऊ माणसं, केरळचे बॅक मान वळवून चेंडूकडे बघतात. मग हेड.

"मामा," तो म्हणाला, "हा आधी कुठं होता?"

मी चष्मा लावून जवळ गेलो. त्याने पुन्हा मागं नेलं. चेंडू हवेत जाईपर्यंत आम्ही दोघांनी एकेक माणूस मोजला.